डाव्या कानाची कुडी

१

वडनेर भोलजीत हायवे सोडून मशिदीच्या गल्लीत शिरलं की तिसरं दार शाहजादीबीचं. दारावर पाटी नव्हती. "पाटी त्यानं लावाव, ज्याले कोनी ओळखत नाही," असं ती म्हणायची, आणि तिनं म्हणावं असंच तिचं काम होतं. दागिने घडवणारे सोनार गावोगाव होते. दागिना धुऊन, उजळून, नव्यासारखा करून देणारी मात्र ती एकटी. नांदुऱ्याहून, संग्रामपूरहून, पार तिकडून डोणगावहून बाया तिच्याकडे यायच्या. हा हुन्नर तिनं नवऱ्याकडून घेतला होता. बद्रुद्दीन वारला त्याला नऊ वर्षं झाली. सुरुवातीला लोक हळहळले, आणि मग हळूहळू कबूल करू लागले की बाईचा हात नवऱ्यापेक्षा साफ आहे. ते तिच्या कानावर आलं त्या दिवशी तिनं नवऱ्याच्या फोटोवरची धूळ पुसली आणि मनातल्या मनात त्याची माफी मागितली. पण हसू काही लपलं नाही.

तिचं काम सकाळच्या उजेडात चालायचं. खिडकीपाशी पाट, पाटावर स्टीलचे दोन कटोरे. एकात बाळाच्या अंगावर घालावं इतकं कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब. दुसऱ्यात माठातलं गार पाणी. लहान मुलाचा मऊ ब्रश, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली मलमल आणि बद्रुद्दीनचं भिंग. दागिना वीस मिनिटं भिजवायचा, मागच्या बाजूनं ब्रश फिरवायचा, गार पाण्यातून काढायचा. मोरीत कधीच धुवायचा नाही, खडा निघाला तर गेलाच. आणि पुसताना घासायचं नाही. वरून खाली एकदाच मलमल ओढायची, की झालं.

"दात घासाची पेस्ट लावता? सोडा लावता?" ती बायांना झापायची. "हिऱ्याले काही नाही होत वं, पण सोन्याची चामडी निघते ना! हिऱ्यावर ओरखडा काढाले दुसरा हिराच लागते. म्हणून दोन हिरे एका डबीत ठेवू नका. आन् पक्का आहे म्हणून आपटू नका. घाव बरोबर जागी बसला तं त्याचेही दोन तुकडे होतात."

मग थांबून, गुपित सांगावं तसं म्हणायची, "त्याले एकच खोड आहे. तेलातुपाची. बोट लागलं की धरलंच."

२

वैशाखात संग्रामपूरच्या शालूबाई आल्या. घर मोठं, शेती सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत. लेकीचं, योगिनीचं, लग्न आठ दिवसांवर आलं होतं. गाडीतून उतरून त्या थेट आत आल्या आणि पदराखालची लाल डबी पाटावर ठेवली.

आत कुड्यांची जोडी होती. प्रत्येक कुडीत सात हिरे, मधला हरभऱ्याच्या डाळीएवढा, भोवती सहा बारीक. बैठक मागून उघडी, फिरकी जुन्या घडणीची. सगळ्यावर पिवळट मेण चढलं होतं, डावीवर जरा जास्त.

"सासूबाईच्या होत्या," शालूबाई म्हणाल्या. "त्या गेल्यावर बँकेत होत्या, बारा वर्षं. योगिनी हट्टाले पेटली, आजीच्याच कुड्या घालीन म्हणते. होतीन ना साफ?"

शाहजादीबीनं भिंग डोळ्याला लावलं. अशी घडण तिनं फार वर्षांत पाहिली नव्हती. "शालूबाई," ती म्हणाली, "मांडवात लोक नवरीले नंतर पाहतीन, आधी कुड्या पाहतीन. नाही पाह्यल्या तं शाहजादीचं नाव बदलून टाका."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कामाला हात घातला. आधी उजव्या कानाची, मग डाव्या कानाची. बारा वर्षांचं मेण पाण्यात ढगासारखं सुटलं. गार पाण्यातून काढून तिनं एकेका कुडीवर तोंडानं हाऽ करून वाफ सोडली. खऱ्या हिऱ्यावर वाफ थांबत नाही, बसते न बसते तोच उडते. दोन्ही कुड्यांवरची उडाली. खिडकीतून आलेल्या उन्हाचे चौदा तुकडे छताला चिकटले. ती बराच वेळ छताकडेच पाहत बसली. असं काही साधलं की तिला जेवणाची आठवण राहत नसे.

मलमलीत गुंडाळून तिनं जोडी पेटीत ठेवली, एक या खणात, एक त्या खणात. दुपारी शालूबाईंना फोनवर फोटो पाठवावा म्हणून पेटी उघडली. उजवी कुडी तशीच होती. डाव्या कुडीच्या मधल्या हिऱ्यावर, मागच्या बाजूनं, तेलकट डाग होता.

आपलंच बोट लागलं असेल, असं ती स्वतःशी म्हणाली. पण तिचं बोट कधी लागत नसे, हे तिलाच सगळ्यांत पक्कं ठाऊक होतं.

३

तिसऱ्या दिवशी डाग पुन्हा आला. चौथ्या दिवशीही.

लेक अलफिया खामगावच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकत होती, सुट्टीला घरी आली होती. शाहजादीबी कामाचं कुणाला विचारणारी नव्हती. पण त्या सकाळी तिनं कटोरा लेकीपुढं सरकवला.

"अम्मी, बोअरचं पानी आहे हे. जड आहे. त्याचा थर बसत असंन," अलफिया म्हणाली.

"वीस वर्षं हेच पानी आहे."

"मंग साबण. कंपनीनं काही बदललं असंन."

जारचं पाणी आणलं. साबण बदलला. नवी मलमल फाडली, उकळून वाळवली. अलफियानं हातमोजे घालायला लावले तेव्हा शाहजादीबीचा चेहरा कोणी थोबाडीत मारल्यासारखा झाला, पण तिनं ते घातले. कुडी धुतली, वाफ सोडून पाहिली, पेटीत ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या बटव्यात टाकली. दोघी मायलेकी समोर बसून भाकरी जेवल्या. पेटी उघडली.

डाग होता.

"एकाच दगडाले काऊन?" अलफिया म्हणाली. "बाजूचे सहा साफ आहेत ना."

शाहजादीबीनं कुडी उजेडात धरली. ती भिंगातून पाहत होती. डाग म्हणजे ठसा नव्हता, टिपका नव्हता, ओघळ नव्हता. तो एक सरळ पट्टा होता, एकाच दमात वरून खाली ओढलेला. कडा जराही फिसकटलेली नव्हती. कुणी पुसलं होतं, आणि पुसणाऱ्याला पुसायचं कसं ते येत होतं.

तिच्या मनात पहिली गोष्ट आली ती भीती नव्हती. हात चांगला आहे, असं तिच्या मनात आलं. मग तिला स्वतःचाच राग आला. तिनं कुडी परत साबणाच्या पाण्यात टाकली.

४

पाचव्या दिवशी पारा चव्वेचाळीसवर गेला. दुपारी दोनला गल्लीत कुत्रंही नव्हतं. कूलरचं पाणी संपलं होतं आणि तो नुसताच गरम हवा फेकत होता. शाहजादीबीनं ठरवलं होतं की आज पेटीत ठेवायचंच नाही. दोन्ही कुड्या पाटावर, मलमलीवर, डोळ्यांसमोर. ती समोर मांडी घालून बसली. अलफिया भिंतीला टेकून मोबाइल पाहत होती.

बराच वेळ काही झालं नाही. कटोऱ्यातल्या पाण्यात छताचा पंखा दिसत होता. बाहेर हायवेवरून ट्रक गेला की कटोरा बारीक वाजायचा.

मग डाव्या कुडीचा मधला हिरा पांढरा झाला.

तिला वाटलं, डोळ्यांपुढं आलं, उन्हाचं होतं असं. तिनं डोळे मिटून उघडले. हिरा लख्ख होता. तिनं श्वास सोडला, आणि हिरा परत पांढरा झाला. तिच्यापासून तो हातभर लांब होता.

"अलफिया," ती हळू म्हणाली, "इकडं ये. तोंड बंद ठेव. श्वासही सोडू नको."

अलफिया गुडघ्यांवर सरकत आली. दोघींनी तोंडाला ओढण्या लावल्या. हिऱ्यावर वाफ धरली. गेली. थोडं थांबून परत धरली. हाऽ करून पाहावं, परत हाऽ करून पाहावं, तशी. बाजूचे सहा हिरे कोरडे, उजवी कुडी कोरडी.

"ह्या गर्मीत वाफ धरतच नाही," अलफिया कुजबुजली. तिचा आवाज पुस्तकातलं वाचून दाखवावं तसा सपाट झाला होता. "वाफ धराले दगड थंड पाह्यजे. इथं तं पाट तापला आहे. तो दगड थंड काऊन असंन? मागून जर..." ती थांबली.

"मागून काय?"

"काही नाही, अम्मी."

शाहजादीबीनं भिंग लावलं आणि वाकली. वाफ आली तेव्हा ती हिऱ्याच्या वरच्या अंगाला नव्हती. खालून होती. कुडी मलमलीवर पडलेली, खाली कापड, कापडाखाली पाट. तरी वाफ खालून होती. वाफ हिऱ्यावरून जाते ती सगळ्या बाजूंनी एकदम विरते, हे तिनं हजारदा पाहिलं होतं. ही तशी विरली नाही. वरून खाली, एका दमात, निघाली. धुरकट काचेवरून कपडा ओढावा तशी.

खिडकीची काच अशी पुसतात. आणि काच पुसणारा माणूस पुसून झालं की तिच्यातून पाहतो.

तिनं हात लांब करून कुडीवर कटोरा उपडा घातला. मलमलीवर पाणी पसरलं. चार दिवस आपण ही काच या बाजूनं साफ करत होतो, एवढंच तिला कळत होतं. आणि आपल्यासारखं साफ या जिल्ह्यात कोणी करत नाही.

५

संध्याकाळी तिनं शालूबाईंना फोन लावला. लग्नघराचा गलका मागं ऐकू येत होता.

"शालूबाई, तुमच्या सासूबाई ह्या कुड्या घालत होत्या का?"

"घालत होत्या ना. लग्नकार्यात, तासभर. बाकी वेळ तुपाच्या डबीत बुडवून ठेवत. आम्ही हसत होतो त्याईले. काऊन?"

"दोन्ही का एकच?"

"तुम्हाले कसं माहीत? डावीच. उजवी तं अशीच कापसात राहे."

"त्याईनं काही सांगतलं नाही कधी?"

"जुन्या बाईले कोन विचारते? का बिघडलं काय?"

"नाही," शाहजादीबी म्हणाली. "शाहजादीच्या हातून काही बिघडत नाही."

फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. तुपाची बरणी काढली. तिच्या हातानं, स्वच्छ हिऱ्यावर तूप. तिला ते जमेना. काडी पुढं न्यायची आणि हात मागं यायचा. तीस वर्षं ज्या घाणीशी ती भांडली, तीच स्वतः चोपडायची. नऊ वर्षं नवऱ्याशिवाय ती ताठ उभी होती ती या एका गोष्टीवर, की तिच्याकडून वस्तू मळकी परत गेली नाही. शेवटी अलफियानं तिचं मनगट धरलं, आणि दोघींनी मिळून डाव्या कुडीच्या मधल्या हिऱ्यावर मागून-पुढून तुपाचा जाड थर दिला.

सकाळी शालूबाईंचे दीर भागवत डबी न्यायला आले. शाहजादीबीनं त्यांना बजावून सांगितलं, "डावीले तूप आहे. पुसू नका, धुऊ नका. तशीच घाला. शालूबाईले माझा निरोप द्या, कसम घालून द्या."

भागवतांनी डबी खिशात टाकत हसून मान हलवली. बाईमाणसांचं काहीतरी, अशी.

६

लग्नाला दोघी मायलेकी गेल्या. बोलावणं आग्रहाचं होतं. संग्रामपूरच्या शाळेच्या मैदानावर मांडव होता आणि दुपारी बाराचा मुहूर्त होता. शालूबाईंनी शाहजादीबीला गेटावरूनच हाताला धरलं आणि चार बायांपुढं नेऊन उभं केलं.

"ह्याच शाहजादीबी! पाहा माय, ह्याईच्या हाताचं काम पाहा!"

योगिनी वळली. दोन्ही कुड्या पेटल्यासारख्या झगझगत होत्या. डावी जास्त.

शाहजादीबी पुढं सरकली. "तूप कोनं काढलं?"

"कायचं तूप?" शालूबाई हसल्या. "भागवत भाऊजी म्हणत होते काही. मी डबी उघडली तं लख्ख! वाटलं, तुम्ही मस्करी केली."

तूप उन्हाळ्यात पातळ होतं. ओघळलं असेल, डबीतल्या कापसानं पिऊन घेतलं असेल. शाहजादीबीनं मनाशी असं घाईघाईनं जुळवलं. "डबीतला कापूस?" तिनं विचारलं.

"कोरडा ठक्क. हे काय विचारून राह्यल्या?"

बाया कौतुकानं पुढं झाल्या. एकीनं नंबर मागितला, एकीनं हाताचा मुका घेतला. आयुष्यभर तिला हवं होतं ते सगळं एका दुपारी तिच्या अंगावर पडत होतं. योगिनीनं वाकून तिच्या पायांना हात लावला आणि उठताना तिच्या कानाशी आली.

"खाला, एक गंमत सांगू? ह्या गर्मीत एवढा शालू नेसून जीव चालला होता माझा. पण ही कुडी घातली ना, तवापासून ह्या कानाले गार लागून राह्यलं. कोनी हळूच फुंकर घालते ना, तसं. लय बरं वाटते."

शाहजादीबीनं त्या मुलीकडे पाहिलं. घामानं मेकअप ओघळत होता आणि डाव्या कानाची पाळी मात्र कोरडी, गोरी, फटफटीत झाली होती.

तिला दोनच गोष्टी करता येण्यासारख्या होत्या. त्यातली एक गप्प बसणं ही होती.

"काढ ती," ती मोठ्यानं म्हणाली. आवाज मांडवात घुमला. "डावी काढ. काटा ढिला राह्यला. मधला हिरा पडंन. माझं काम कच्चं राह्यलं."

"अम्मी," अलफिया म्हणाली.

"माझं काम कच्चं राह्यलं," शाहजादीबी पुन्हा म्हणाली, चारही बाजूंना ऐकू जाईल असं. "माझी चूक. नवरीच्या अंगावर मी असा माल जाऊ देत नाही."

शालूबाईंचा चेहरा लाल झाला. मुहूर्त जवळ आला होता, सोयरे पाहत होते. योगिनी बावरून गेली, पण तिनं फिरकी फिरवली. कुडी शाहजादीबीच्या तळहातावर पडली. माठाच्या बुडासारखी गार.

ती कडेला गेली. पाहायचं नाही असं ठरवलं होतं. पण तीस वर्षांची सवय. भिंग गळ्यातच होतं.

मधला हिरा आरपार स्वच्छ होता. इतका की हिरा आहे हेच कळेना. त्याच्या मागं तिचा तळहात दिसायला हवा होता. दिसला तो खिडकीशी मांडलेला पाट. पाटावर पांढरं कापड. आणि कापडावर वाकलेलं एक डोकं, केस डोक्याला चपचपीत चिकटलेले, कामात इतकं बुडालेलं की इकडं लक्षच नव्हतं. हाताची बोटं दिसली नाहीत, फक्त मलमल वरून खाली आली. एकदा. अगदी बरोबर. मग ते डोकं थांबलं. केलेलं काम पाहायला, मान मागं घेऊन, हळूहळू वर उठू लागलं.

शाहजादीबीनं मूठ मिटली.

७

योगिनीचं लग्न कानात साध्या सोन्याच्या बाळ्या घालून झालं. शालूबाई त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "ठेवा तुमच्यापाशी. नीट होईन तवा आना. तवर तोंड दाखवू नका." संग्रामपूरहून नंतर कुणी काम घेऊन आलं नाही. नांदुऱ्याकडच्याही कमी झाल्या. गल्लीतल्या बाया म्हणू लागल्या, वय झालं, हात बसला. शालूबाईंचा महिन्यातून एकदा फोन येतो. शाहजादीबी म्हणते, "काम चालू आहे." ते खोटं नाही.

योगिनी सासरी चांगली आहे. डाव्या कानानं जरा कमी ऐकू येतं म्हणतात, पण तेवढ्याचं कुणी मनावर घेत नाही.

अलफियानं एकदा विचारलं, "अम्मी, तो दगड फोडून टाकला तं? तूच म्हणते ना, बरोबर जागी घाव बसला तं तुटते."

"खिडकी फोडली तं भिंत होते का वं?" शाहजादीबी म्हणाली.

रोज सकाळी उजेड आला की ती पाटावर बसते. डावी कुडी ठेवलेली पितळेची डबी उघडते. काल भरलेलं तूप मधल्या हिऱ्यापुरतं निघालेलं असतं. कधी अर्धं, कधी जवळजवळ सगळं. नेहमी वरून खाली. एकही रेघ तिरकी नाही. पलीकडचा हात चांगला आहे, हे तिनं मान्य केलंय. तसा हात तिनं दुसरा पाहिला नाही, बद्रुद्दीनचाही नाही.

ती काडीवर तूप घेते, आणि मान न हलवता, श्वास रोखून, हिऱ्यावर थर चढवते. कोपऱ्यातून सुरुवात, कडेला दाब, मध्ये जाड, कुठं सुईच्या टोकाएवढीही फट नाही. अलफिया कधी कधी दारातून पाहते. आईला हे काम करताना पाहिलं की तिला आपल्या लहानपणीची आई आठवते, अंगणभर लोक पाहत असताना काम करणारी.

आज थर देऊन झाल्यावर शाहजादीबीनं मान मागं घेतली, डबी उजेडात धरून चहूबाजूंनी पाहिली आणि पदरानं कपाळ पुसलं.

"ये," ती डबीला म्हणाली. "काढून दाखव."

डबीतल्या तुपावर, अगदी मधोमध, एक बारीक खळगा पडू लागला.